लाइपझिग ते गोडेसबर्ग : शुल्त्से, लासाल आणि रायफायझन यांच्या गावांतून

सोमवार, लाइपझिग

आपल्याकडे जर्मन समाजवाद म्हटलं की गाडी मार्क्स-एंगेल्सपासून सुटते ती मधे कुठंही न थांबता लेनिनपर्यंत जाते. मी नोकरीला लागले तेव्हा मात्र दोन वेगळीच जर्मन नावं पाठ केली होती : रायफायझन आणि शुल्त्से-डेलिच. जिल्हा मध्यवर्ती बँकेत रुजू होणाऱ्या प्रत्येकाला सहकाराच्या प्रशिक्षणात ती घोकावी लागत. फर्डिनांड लासाल हे तिसरं नाव मला पुढे वाचनातून कळलं. तिघंही मार्क्सच्या काळातले, त्याच्याच देशातले, पण गरिबी कशी हटेल याची त्यांची उत्तरं मार्क्सहून निराळी आणि एकमेकांहूनही निराळी. निवृत्तीनंतर त्यांच्या गावांतून फिरायचं हे मी कधीपासून मनाशी धरलं होतं. भाची लाइपझिगला शिकते, म्हणून सुरुवात इथून केली. इथून पश्चिमेकडे सरकत ऱ्हाइन नदीपर्यंत जायचं असं ठरवलं.

आज दिवसभर शहर पायी पाहिलं. ड्रेस्डनर श्ट्रासे या रस्त्यावर तेव्हा पँथिऑन नावाचं सभागृह होतं. २३ मे १८६३ रोजी ११ शहरांतून आलेले १२ प्रतिनिधी तिथं जमले आणि 'अखिल जर्मन कामगार संघ' स्थापन झाला. आजचा जर्मन सोशल डेमोक्रॅटिक पक्ष, म्हणजे एसपीडी, आपला जन्म याच दिवशी झाला असं मानतो. २०१३ मध्ये १५० वर्षं झाली तेव्हा मोठा सोहळा याच शहरात झाला. रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या हे सांगत होते तेव्हा भाची म्हणाली, "मावशी, म्हणजे पक्षाचा जन्मदिवस मार्क्सचा नाहीच?" नाहीच. मार्क्स तेव्हा लंडनला होता आणि या संघात त्याचा हात नव्हता. संघ लासालचा होता.

लाइपझिगमधल्या काही कामगारांनी, त्यांत एक चांभार होता, एक सिगार वळणारा होता, लासालला पत्र लिहून विचारलं होतं की आम्ही करावं काय. १ मार्च १८६३ ला त्यानं दिलेलं जाहीर उत्तर म्हणजेच या चळवळीचा पाया. त्याचं म्हणणं असं : मजुरी कायम पोटापुरत्या पातळीभोवतीच फिरत राहते, हा पोलादी नियम आहे. म्हणून काटकसर करून बचत गोळा करणाऱ्या मंडळ्या काढून मजुराचं दैन्य फिटणार नाही. मजूर स्वतःच कारखान्याचा मालक झाला तर मजुरी आणि नफा यांतला भेदच उरणार नाही. पण कारखान्याला लागणारं भांडवल मजुराजवळ कुठून येणार? ते सरकारनं कर्जाऊ द्यावं. सरकार ते देईल कधी? सरकार मजुरांचं होईल तेव्हा. म्हणून पहिली मागणी एकच, सर्वांना समान आणि थेट मताधिकार.

हा युक्तिवाद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा एका बैठकीत वाचून संपवला होता. त्यात क्रांती नाही, राज्यसंस्था मोडायची नाही, उलट ती हाती घ्यायची आहे. त्याचा पोलादी नियम पुढे चुकीचा ठरला, कामगार संघटनांनी मजुरी वाढवून दाखवली. पण मताधिकारावरची त्याची पकड अचूक होती. त्याचा दुबळा कोपराही सांगायला हवा. लासाल प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याला गुपचूप भेटत होता. उदारमतवादी भांडवलदारांना दोन्हीकडून चेपावं हा त्यातला हिशेब, आणि त्या दोघांचा पत्रव्यवहार १९२८ मध्ये छापून आला तेव्हा जगाला तो नीट कळला. संघ काढल्यावर सव्वा वर्षात, प्रेमप्रकरणातून ओढवलेल्या द्वंद्वयुद्धात जिनिव्हाजवळ गोळी लागून तो गेला. वय ३९. त्याची कबर ब्रेस्लाऊला, आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफला आहे.

मंगळवार, डेलिच

लाइपझिगहून लोकलनं उत्तरेला अर्ध्या तासाच्या आत डेलिच येतं. टुमदार गाव, मध्ये बारोक शैलीतला वाडा, जुना कोट, बुरूज. क्रॉइत्सगासे या बोळातल्या घरात सहकाराचं संग्रहालय आहे. भाचीला वर्ग होता, मी एकटीच आले, आणि जेवणाची वेळ टळून गेली तरी बाहेर पडावंसं वाटेना.

हेर्मान शुल्त्से याच गावचा, जन्म १८०८. पेशानं न्यायाधीश. १८४८ च्या क्रांतीत प्रशियाच्या राष्ट्रीय सभेवर निवडून गेला. सभेत शुल्त्से पुष्कळ, म्हणून ओळखीसाठी गावाचं नाव जोडलं गेलं आणि ते कायमचं चिकटलं. क्रांती फसल्यावर त्यानं जे केलं ते मला फार मोठं वाटतं. १८४९ मध्ये त्यानं गावात आजारपण आणि मयतीच्या खर्चासाठी निधी उभारला, आणि सुतारांची व चांभारांची कच्चा माल घेण्यासाठी मंडळी काढली. एकेकटा चांभार कातडं उधारीवर, व्यापारी सांगेल त्या भावानं घेत होता. सगळ्यांनी मिळून घाऊक घेतल्यावर तेच कातडं स्वस्त पडलं आणि शिवाय चांगलं मिळालं. कारखान्यांपुढे टिकून राहण्याची ही कारागिरांची धडपड होती.

पुढच्याच वर्षी, १८५० मध्ये, उचल देणारी संस्था निघाली. सुरुवातीला तिच्यात गावच्या बऱ्या लोकांनी बिनव्याजी पैसे घातले होते. शेजारच्या आयलेनबुर्ग गावानं मात्र अशी संस्था सभासदांच्याच भागांवर उभी करून दाखवली. ते पाहून शुल्त्सेनं १८५२ मध्ये आपली संस्थाही तशीच फिरवली : देणगी नको, दया नको, जो कर्ज घेईल तो सभासदही असेल, त्याचा भाग असेल आणि जबाबदारीही त्याचीच असेल. माझ्या नोकरीत दर वर्षी नव्या संचालकांना समजावून सांगावी लागे ती गोष्ट हीच, की संस्थेचा पैसा 'वरून' आलेला नसतो. १८६७ चा प्रशियाचा सहकार कायदा त्याच्याच खटपटीतून झाला.

लासाल आणि शुल्त्से यांचं भांडण मी इथं, शुल्त्सेच्या गावात, नव्यानं वाचून काढलं. लासालनं १८६४ मध्ये त्याच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, तेही अतिशय झोंबऱ्या भाषेत. शुल्त्से समाजवादी नव्हताच, तो उदारमतवादी होता, सरकारनं हात लावू नये या मताचा. पण कामगारांमध्ये दोघांचं वजन मोठं होतं. ऑगस्ट बेबेल, जो पुढे समाजवादी पक्षाचा सर्वांत मोठा पुढारी झाला, तोही तरुणपणी लाइपझिगमध्ये खरादीचं काम करत असताना कामगारांच्या शिक्षणमंडळात होता आणि लासालच्या विरुद्ध बाजूला होता. आपण लासालच्या वाटेनंच मार्क्सपर्यंत पोचलो, असं त्यानं पुढे आत्मचरित्रात लिहिलं आहे.

कर्जाला सरकार हवं की आपली पत पुरे, हा वाद माझ्या टेबलावर पस्तिशीपासून साठीपर्यंत येत राहिला. कुठल्या बाजूनं बोलायचं ते मला दर वेळी त्या गावाकडे पाहून ठरवावं लागे. पाण्याखालच्या, ऊस असलेल्या गावाला शुल्त्से पटतो. अवर्षणातल्या गावाला तो सांगताना जीभ अडखळते.

बुधवार, गोथा आणि आयझेनाख

एकाच रेल्वेमार्गावर अर्ध्या तासाच्या अंतरानं असलेली दोन गावं. वाटेत एर्फुर्ट लागतं. १८९१ च्या अधिवेशनात पक्षानं मार्क्सवाद अधिकृतपणे स्वीकारला तो तिथंच. मी उतरले नाही.

गोथाच्या टिवोली या उपाहारगृहात २२ ते २७ मे १८७५ या दिवसांत लासालचे अनुयायी आणि बेबेल व त्याचा सहकारी विल्हेल्म लीब्क्नेश्ट यांचा पक्ष एकत्र आले. संख्येनं लासालवाले जास्त होते. म्हणून नव्या कार्यक्रमात पोलादी नियमही आला आणि सरकारी मदतीनं चालणाऱ्या, कष्टकरी जनतेच्या लोकशाही देखरेखीखालच्या उत्पादक सहकारी संस्थाही आल्या. मार्क्सनं मसुदा वाचून खरमरीत टिपणं लिहून पाठवली. पुढाऱ्यांनी ती दाबून ठेवली, आणि लोकांसमोर आली १८९१ मध्ये. आज जग गोथाला ओळखतं ते त्या टीकेमुळे. ज्यांनी तो कार्यक्रम संमत केला ती माणसं, त्यांचे चिरूटाचे कारखाने, विणकरांची घरं, हे सगळं त्या टीकेच्या मागे झाकलं गेलं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्याच महिन्यात, १२ मे १८७५ ला, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले होते. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण टिवोलीच्या दारात उभं राहून मला आधी सुपंच आठवलं. तिथल्या शेतकऱ्याजवळ ना मत होतं, ना संस्था.

दुपारी आयझेनाख. वर वार्टबुर्गचा किल्ला, जिथं लूथरनं बायबलचा नवा करार जर्मनमध्ये आणला. खाली गावात बाखचं जन्मगाव म्हणून पर्यटकांची गर्दी. माझं काम होतं 'गोल्डनर ल्योवं' या जुन्या खानावळीशी. ऑगस्ट १८६९ मध्ये बेबेल-लीब्क्नेश्ट यांचा पक्ष या गावात स्थापन झाला. पुस्तकांत या पक्षाला 'मार्क्सवादी बाजू' म्हणून मोकळे होतात. त्याच्या मागण्या वाचल्या तर दहाव्या कलमात काय आहे? सहकाराला सरकारी उत्तेजन, आणि मुक्त उत्पादक संस्थांना 'लोकशाही हमीसह' सरकारी पतपुरवठा. म्हणजे लासाल तिथंही होताच. लोकशाही हमीची अट मात्र नीट शब्दांत मांडलेली.

आणि तीनच वर्षांनी, ऑक्टोबर १८७२ मध्ये, याच आयझेनाखमध्ये अगदी वेगळी मंडळी जमली : गुस्ताफ श्मोलर, लुयो ब्रेंटानो, आडोल्फ वाग्नर यांच्यासारखे विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ. बाजारावर सगळं सोडणंही नको आणि क्रांतीही नको, राज्यानं कायदे करून कामगाराची बाजू सावरावी, असं ते मानत. त्यांतून सामाजिक धोरणाचा अभ्यास करणारी संस्था निघाली. बिस्मार्कनं १८७८ मध्ये समाजवाद्यांवर बंदी घातली, आणि बंदी चालू असतानाच १८८३ ला आजारपणाचा, १८८४ ला अपघाताचा आणि १८८९ ला म्हातारपणाचा विमा आणला. आजचा आपला भविष्यनिर्वाह निधी किंवा कामगारांचा राज्य विमा (ईएसआय) डोळ्यांसमोर आणला तर या प्राध्यापकांचं म्हणणं किती दूर पोचलं ते दिसतं. पण मतपेटीशिवाय दिलेली पेन्शन मला अपुरी वाटते. त्या बाबतीत लासाल खरा होता.

गुरुवार, मेलझुंगेन

बेब्राला गाडी बदलून फुल्डा नदीकाठचं हे लाकडी चौकटींच्या घरांचं गाव. जवळच्या वाल्कम्युले या जुन्या गिरणीत १९२० च्या दशकात एक निवासी शाळा चालत होती. तत्त्वज्ञ लेओनार्ड नेल्सनची प्रेरणा, मिन्ना श्पेश्ट यांचं नेतृत्व. नेल्सन ग्योटिंगेनचा प्राध्यापक, अठराव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ कान्ट याच्या वाटेनं जाणारा. समाजवाद इतिहासाच्या नियमानं येणार आहे म्हणून नव्हे, तर अन्याय सहन करणं चूक आहे म्हणून आणायचा, असं त्याचं ठाम मत. १९२५ मध्ये एसपीडीनं त्याच्या गटाला बाहेर काढलं, तेव्हा त्यांनी आंतरराष्ट्रीय समाजवादी लढाऊ संघ स्थापन केला. सभासदाला मांसाहार आणि दारू वर्ज्य. आपल्याकडच्या आश्रमांची आठवण यावी अशी शिस्त. नाझींच्या काळात याच लोकांनी शाकाहारी खानावळी चालवल्या आणि त्यांच्या उत्पन्नावर भूमिगत काम केलं. १९३३ मध्ये शाळा नाझींनी बळकावली. श्पेश्टबाई मुलांना घेऊन डेन्मार्कला गेल्या आणि पुढे ब्रिटनला.

नेल्सनचं एक मत मला मुळीच पटत नाही. बहुमतावर त्याचा विश्वास नव्हता, शहाण्यांनी राज्य करावं असं तो म्हणे. नीतीचा एवढा ध्यास घेतलेला माणूस शेजाऱ्याच्या मताला किंमत देईना, हे वाचताना त्रास होतो. तरी १९३२ च्या निवडणुकीआधी एसपीडी आणि कम्युनिस्टांनी एकत्र यावं म्हणून जे जाहीर आवाहन निघालं, ते त्याच्या शिष्यांनी काढलं होतं. सह्यांमध्ये आइन्स्टाइन आणि चित्रकार केटे कोल्व्हिट्स होते. कुणी ऐकलं नाही.

शुक्रवार, मारबुर्ग

चढ, पायऱ्या, पुन्हा चढ. गुडघ्यांनी तक्रार केली तरी वरच्या गावातून लान नदीचं खोरं पाहिल्यावर थकवा उतरला. हेर्मान कोहेन इथं १८७६ पासून १९१२ पर्यंत प्राध्यापक होता. कान्ट हाच जर्मन समाजवादाचा खरा जनक, असं त्यानं १८९६ मध्ये लिहिलं. आधार कान्टच्याच सूत्राचा : माणसाला कधीही निव्वळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतः साध्य आहे. कारखान्यातला मजूर नेमका साधन झालेला असतो. मग वेगळं अर्थशास्त्र शिकायच्या आधीच समाजवाद कर्तव्य ठरतो. एडुआर्ड बर्नश्टाइननं १८९९ मध्ये पक्षाच्या आत राहून मार्क्सची भाकितं तपासली, छोटे धंदे आणि मध्यमवर्ग नाहीसे होत नाहीत हे आकड्यांनी दाखवलं, आणि शेवटी तोही कान्टकडेच वळला. पक्षानं १९०३ मध्ये ड्रेस्डेनला त्याचं मत फेटाळलं. रोजच्या वागण्यात मात्र पक्ष त्याच्याच सल्ल्यानं चालला.

कोहेनच्या प्रभावाखाली इथं एक तरुण पत्रकार काम करत होता, कुर्ट आयस्नर. नोव्हेंबर १९१८ मध्ये म्युनिकला राजेशाही गेली तेव्हा प्रजासत्ताक बव्हेरियाचा पहिला सरकारप्रमुख तोच. २१ फेब्रुवारी १९१९ ला त्याचा खून झाला. त्याच्या अंत्ययात्रेत भाषण केलं अराज्यवादी लेखक गुस्ताफ लांडाउअरनं. लांडाउअर मला या सगळ्यांत सर्वांत जवळचा वाटतो. राज्य म्हणजे फोडून टाकायची वस्तू नव्हे, तो माणसामाणसांतला संबंध आहे, आपण वेगळ्या तऱ्हेनं वागू लागलो की ते मोडतं, असं तो म्हणे. मार्क्सवाद्यांवर त्यानं कडाडून टीका केली, कारण भांडवलशाही पिकेपर्यंत वाट पाहा हे सांगणं त्याला असह्य होत असे. समाजवाद कोणत्याही काळी सुरू करता येतो, लोकांनी ठरवलं तर, हे त्याचं मत. २ मे १९१९ ला श्टाडेलहाइमच्या तुरुंगात सैनिकांनी त्याला मारून टाकलं. सत्याग्रहाच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकापर्यंत हा माणूस जवळपास पोचलेलाच नाही.

शनिवार, वेस्टरवाल्ड

गीसेन, झीगेन करत आउ नावाच्या स्टेशनावर उतरले आणि पुढे टॅक्सी केली. इथं बस विरळ आहे. डोंगराळ, गार, हलकी जमीन. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन इथल्या हामचा. जन्म ३० मार्च १८१८. मार्क्स ट्रियरला जन्मला ५ मे १८१८ रोजी. पाच आठवड्यांचं अंतर, आणि दोघेही ऱ्हाइनकाठच्या प्रशियन मुलखातले.

वायरबुशला तो गावप्रमुख होता तेव्हा १८४६-४७ चा हिवाळा उपासमारीचा आला. सरकारनं पीठ पाठवलं ते रोख पैसे घेऊनच विकायचं असं बजावून. रायफायझननं ते गरिबांना उधारीवर वाटलं. बऱ्या स्थितीतल्या लोकांकडून पैसे उभे करून मंडळ काढलं, धान्य आणलं, गावाची भट्टी बांधून पाव भाजले. त्या भट्टीची पुन्हा उभारलेली इमारत आज वायरबुशमध्ये आहे. मी तिच्या दगडी भिंतीला टेकून बराच वेळ बसले.

१८४९ मध्ये फ्लामर्सफेल्डला त्यानं गरीब शेतकऱ्यांना जनावरं घेता यावीत म्हणून संस्था काढली. तेव्हा ६० सुखवस्तू माणसं जामीन राहिली होती. अनुभवानं त्याला कळलं की परोपकार थकतो. १८६४ मध्ये हेडेसडोर्फला मदतमंडळाची कर्जसंस्था झाली : एका गावापुरती, सगळे एकमेकांना ओळखणारे, अमर्यादित जबाबदारी, बिनपगारी संचालक, नफा न वाटता राखीव निधीत. शुल्त्सेनं याला विरोध केला, कारण शेतकऱ्याला लांब मुदतीचं कर्ज देणं त्याला धोक्याचं वाटे. मी पीककर्ज आयुष्यभर वाटलं, त्यामुळे या वादात मी सरळ रायफायझनच्या बाजूनं आहे. पीक हाती येईपर्यंत थांबायचं नसेल तर शेतकऱ्याला कर्ज देऊच नये. त्याच्या लिखाणात ज्यू व्यापाऱ्यांबद्दल जो आकस दिसतो तो मात्र झाकू नये. सावकारी मोडायची तर व्यवहार मोडावा, जात धरू नये.

हा माणूस आपल्यापर्यंत कसा आला ते ठाऊक आहे. मद्रास सरकारचा ब्रिटिश अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यानं १८९५ आणि १८९७ मध्ये दिलेल्या अहवालाचं सार होतं 'रायफायझन शोधा'. सहकारी पतसंस्थांचा १९०४ चा कायदा त्यातून झाला. दहा माणसं एकत्र आली की संस्था, खेड्यातली रायफायझनच्या धर्तीवर, शहरातली शुल्त्सेच्या. म्हणजे आपली गावची सोसायटी आणि आपली नागरी बँक, दोन्ही या दोन भांडणाऱ्या माणसांच्या.

आणि लासाल? तो प्रवरेला भेटतो असं मला वाटतं. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला. गाडगीळ ज्या ग्रामीण पतपाहणी समितीवर होते तिनं १९५४ मध्ये सरकारनं सहकारी संस्थांत भाग घ्यावेत अशी शिफारस केली. उत्पादकांच्या मालकीचा कारखाना, भांडवलाला सरकारी हातभार : १८६३ ची मागणी जर्मनीत कागदावर राहिली आणि नगर जिल्ह्यात धूर सोडू लागली. गाडगीळांनी लासालवरून हे घेतलं असं मी म्हणत नाही. गरजेनं माणसं त्याच उत्तरापाशी आली. आयझेनाखच्या दहाव्या कलमातली लोकशाही हमी मात्र आपण ढिली सोडली. सरकारी भाग आले, पाठोपाठ सरकारी प्रशासक आले, निवडणुका लांबल्या, आणि सभासद वार्षिक सभेत हात वर करण्यापुरता उरला. हे मी आतून पाहिलं आहे.

रविवार, बॉन

बाड गोडेसबर्गचा श्टाटहाले बाहेरून पाहिला. साधी, रुंद इमारत, भोवती बाग. १३ ते १५ नोव्हेंबर १९५९ या दिवसांत एसपीडीनं इथं नवा कार्यक्रम ३२४ विरुद्ध १६ मतांनी स्वीकारला. त्यात मार्क्सचं नाव नाही. लोकशाही समाजवादाची मुळं ख्रिस्ती नीतिविचार, मानवतावाद आणि अभिजात तत्त्वज्ञान यांत आहेत असं त्यात म्हटलं आहे. शक्य तितकी स्पर्धा, गरजेइतकं नियोजन, हे त्याचं सूत्र. मसुद्यामागे मोठा हात विली आइश्लरचा, म्हणजे नेल्सनच्या शिष्याचा. वाल्कम्युलेची गिरणी अशी इथवर आली. विरोधात उभा राहिलेला व्होल्फगांग आबेंडरोट मारबुर्गचाच प्राध्यापक, आणि त्याचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही : मालकीचा प्रश्न सोडला तर राहतं ते निव्वळ बरं प्रशासन. नंतरच्या जर्मनीकडे पाहिलं की ही भीती खोटी नव्हती असं दिसतं.

याच बॉनच्या विद्यापीठात १९२१ मध्ये बाबासाहेबांनी नाव नोंदवलं होतं. त्यांनी १९४७ च्या आपल्या निवेदनात राज्य समाजवाद मागितला : मूलभूत उद्योग आणि विमा सरकारी मालकीचे, शेती सरकारी उद्योग, जमीन जातिभेद न पाहता गावकऱ्यांच्या गटांना. आणि हे सगळं संविधानातच लिहायचं, म्हणजे उद्याच्या बहुमताला ते पुसता येणार नाही. बहुमतावर अविश्वास म्हणून नेल्सननं लोकशाहीच नाकारली. बाबासाहेबांनी तीच भीती ओळखून संसदीय लोकशाही ठेवली आणि तिला कलमांचं कुंपण घातलं. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली तेव्हा जोर साधनांवरच होता. गोडेसबर्गचं मतदान त्यानंतर तीन वर्षांनी झालं.

फ्रीडरिश एबर्ट प्रतिष्ठानचं ग्रंथालय इथून जवळ आहे. उद्या सकाळी तिथं जाऊन आयझेनाख आणि गोथा या दोन्ही कार्यक्रमांतली सहकाराची कलमं शेजारी ठेवून वाचायची आहेत. लोकशाही हमीचे शब्द सहा वर्षांत कसे बदलले ते मला माझ्या वहीत उतरवून घ्यायचं आहे.